तुरुंगात तंबाखू बंद होते तेव्हा आत काय घडतं?

भिंतीवरून तंबाखूच्या पुड्या आत फेकल्या, झडतीत विड्या सापडल्या, अशी बातमी थोड्या थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या कारागृहाची येतेच. आमच्या सोलापुरात चहाच्या गाड्यावर ती वाचणारा माणूस हमखास म्हणतो, "तुरुंगात तंबाखू मिळतेच कशी? एक दिवस कडक बंद करा, विषय संपला."

माझे मामा कारागृह खात्यात हवालदार आहेत. कुठल्या कारागृहात ते लिहीत नाही. गेल्या आठवड्यात त्यांना सांगण्यात आलं की येत्या एक तारखेपासून आत तंबाखूचा कणही दिसता कामा नये, कैद्यांकडे नाही आणि कर्मचाऱ्यांकडेही नाही. त्याच रात्री त्यांचा फोन आला. "तू व्यसन सोडवायचं काम करतीस की गं. मला एवढंच सांग, पहिल्या आठवड्यात आत काय व्हतंय? हुकूम वाचून दाखवणारे साहेब घरी जातील. रात्री बराकीसमोर मी असतोय."

मी तंबाखू सोडू पाहणाऱ्या लोकांचं समुपदेशन करते. तरी या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता आलं नाही, कारण माझ्याकडे येणारा माणूस स्वतःच्या पायाने येतो आणि नकोसं झालं की उठून जातो. बराकीतल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. मग मी वाचत गेले, मामांशी रोज बोलत गेले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

एक खुलासा आधीच करते. सरकारी कागदात कैद्याला 'बंदी' म्हणतात. तंबाखूवरची बंदी आणि हा बंदी यांची गल्लत होऊ नये म्हणून मी कैदी असाच शब्द वापरते. खटला चालू असलेला तो कच्चा कैदी, शिक्षा लागलेला तो पक्का.

तलफ म्हणजे काय? सोलापूरकराला पाण्यावरून कळेल

तंबाखूत निकोटिन नावाचं रसायन असतं. व्यसन लागतं ते त्याचं. कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूतल्या आणि धुरातल्या इतर घटकांमुळे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे औषधाचा विषय येईल तेव्हा लागेल.

आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. म्हणून घरोघरी पिंपं, हंडे, कळश्या, टाक्या. ज्या घरात पाणी सवयीचं, तिथे भांडी वाढत जातात. मेंदूचंही तसंच होतं. निकोटिन रोज यायला लागलं की ते धरून ठेवणाऱ्या जागा मेंदू वाढवत नेतो. मग एके दिवशी पाणी येत नाही. ज्या घरात दोनच कळश्या आहेत तिथे दोनच कळश्यांचा खडखडाट, पण ज्याने वीस वर्षं भांडी वाढवली त्याच्या घरात वीस पिंपं रिकामी वाजतात. हा खडखडाट म्हणजे तलफ.

आता हिशोब बघा. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. संध्याकाळी सहाला शेवटची विडी ओढली तर सकाळी सहापर्यंत ते सहा वेळा निम्मं होतं, म्हणजे चौसष्टावा भाग उरतो. बराक उघडते तेव्हा माणूस जवळपास कोरडा असतो. त्रासाचा कळस बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो आणि दोन ते चार आठवड्यांत उतरत जातो. वापर थांबला की मेंदू ती जास्तीची भांडी हळूहळू मोडीत काढतो.

मामांना यातली एक गोष्ट सगळ्यात उपयोगाची वाटली. तलफ सतत एकसारखी नसते. लाट येते, काही मिनिटं राहते आणि ओसरते. "म्हणजे भांडण लागलं की पाच मिनिटं काढायची," ते म्हणाले. अगदी तेवढंच.

चुना चवीसाठी नसतो

परदेशातल्या तुरुंगांवर जे काही लिहिलं गेलं आहे ते जवळजवळ सगळं धुराबद्दल आहे. आपल्याकडे चित्र उलटं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के, आणि मळून खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के.

धूर दिसतो, त्याला वास असतो. दाढेखालचा बार दिसत नाही. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने काढलेला चुना, अंगठ्याने मळून दोन टाळ्या, की काम झालं. तो चुना तिथे उगाच नसतो. चुन्यामुळे तोंडातला आम्लपणा कमी होतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. म्हणून झडतीत तंबाखू सापडली नाही तरी चुन्याची डबी सापडली तर अनुभवी शिपाई थांबतो.

मावा हा आणखी वेगळा प्रकार. त्यात तंबाखूबरोबर सुपारी असते, आणि सुपारी स्वतः व्यसन लावते, तोंड आखडवते, कर्करोगही करते. हुकुमात फक्त 'तंबाखू' लिहिलं असेल तर सुपारीचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी फाटकावर उभा राहणार.

महिला बराकीचा तर या चर्चेत कुणी विचारच करत नाही. आपल्या भागात कितीतरी बायका मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर त्या मान हलवून नाही म्हणतील, आणि त्या खोटं बोलत नसतात. विचारायचं असेल तर "मिश्री लावता का?" असंच विचारावं लागतं.

पहिले तीन दिवस बराकीत काय होतं

चिडचिड, झोप उडणं, बेचैनी, भूक वाढणं, लक्ष न लागणं, मन खचणं. पुस्तकातली यादी एवढीच. बराकीत तिचं काय होतं ते मामांनी सांगितलं.

पहिला त्रास सकाळच्या रांगेचा. निकोटिन आतड्यांना चालना देतं. कित्येकांना बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही. तंबाखू थांबली की बद्धकोष्ठ होतं. आता एका बराकीत पुष्कळ माणसं, संडास मोजके, आणि प्रत्येकजण आत दुप्पट वेळ बसलेला. बाहेरच्याचं डोकं आधीच तलफेने तापलेलं. पहिली हाणामारी बादलीवरून होते, आणि नोंदवहीत तिचं कारण 'किरकोळ वाद' असं लिहिलं जातं. यावर उपाय साधा आहे. त्या दिवसांत पिण्याचं पाणी भरपूर, जमल्यास जेवणात पालेभाजी, आणि डॉक्टरांना विचारून साधं पोटाचं औषध.

दुसरा त्रास रात्रीचा. टाळेबंदी संध्याकाळीच होते. झोप न येणाऱ्या माणसाला रात्र फार मोठी असते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर भिंतीही गरम असतात. नव्याने आत आलेला, घरचं कुणी न भेटलेला माणूस याच दिवसांत खचतो. पहिले तीन-चार दिवस रात्रीची फेरी जरा दाट ठेवावी, असं मी मामांना सांगितलं. मनाचा त्रास आधीपासून असलेल्यांकडे तर जास्तच लक्ष हवं.

तिसरी गोष्ट आधी मलाही ठाऊक नव्हती, आणि ती महत्त्वाची आहे. विडी-सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत काही औषधं झपाट्याने निकालात काढतं. मनाच्या आजारावरची ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन ही त्यातली. ओढणाऱ्याला म्हणून डोस जास्त लागतो. ओढणं अचानक थांबलं की तोच डोस अंगात साठतो. माणूस पेंगतो, अडखळतो, आणि त्याने नाटक लावलंय असं वाटतं. म्हणून ओढणाऱ्या आणि अशी गोळी चालू असलेल्या कैद्यांची नावं डॉक्टरांकडे एक तारखेच्या आधी गेली पाहिजेत. हे धुराबाबत आहे. नुसती तंबाखू खाणाऱ्याला हा धोका नाही. चहा-कॉफीतल्या कॅफिनचंही तसंच होतं. विडी सोडलेल्याला नेहमीचाच चहा जास्त चढतो.

तंबाखूवाला आणि दारूवाला एकसारखे दिसतात

लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. तंबाखू अचानक सोडून कुणी मरत नाही. पण रोज भरपूर दारू पिणारा माणूस अचानक थांबला तर मरू शकतो.

अटक झालेल्या माणसाची दारू आणि तंबाखू एकाच दिवशी सुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघेही अस्वस्थ, दोघांनाही झोप नाही. मामांचा प्रश्न होता, "ओळखायचं कसं?" हात जोरात थरथरतात, घाम सुटतो, नसलेली माणसं किंवा किडे दिसायला लागतात, दिवस-वार कळेनासा होतो, झटका येतो. यातलं काहीही दिसलं तर ती तंबाखूची तलफ नव्हे. सकाळची वाट न बघता डॉक्टर. 'नशेत बडबडतोय, झोपेल' असं म्हणून सोडलेली रात्र शेवटची ठरू शकते.

एक तारीख कुठली? रोजची संध्याकाळ म्हणा

बाहेरच्यांना वाटतं, बंदी एका तारखेला सुरू होते. महिनाभर त्रास, मग सगळे सरावतात. पक्क्या कैद्यांच्या तुरुंगात हे काही अंशी खरं असेल.

पण २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन. कोर्टातून पोलिसांची गाडी संध्याकाळी फाटकाशी येते. त्यातून उतरणारा माणूस दुपारपर्यंत मोकळा किंवा पोलीस कोठडीत होता, त्याच्या रक्तात अजून निकोटिन आहे. त्याची एक तारीख आज आहे. त्याच गाडीतून, तारखेला जाऊन आलेले जुने कैदीही उतरतात आणि दिवसभर बाहेर असताना त्यांनी बार भरलेला असू शकतो. जी भांडी मोडीत निघायला लागली होती ती पुन्हा भरली.

म्हणून मी मामांना म्हणाले, हुकुमाच्या तारखेची एवढी काळजी करू नका. रोज संध्याकाळी गाडी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते ठरवा. अंगझडतीच्या वेळी खिसा रिकामा होतो. त्याच वेळी चार प्रश्न विचारून झाले तर पुढचे तीन दिवस सोपे जातील.

आत विडी ही नोट असते

तुरुंगात खिशात पैसे नसतात, पण देवघेव थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून राहिलेल्या आर. ए. रॅडफर्ड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये लिहून ठेवलं आहे की छावणीत सिगारेट हेच चलन झालं होतं, सगळ्या वस्तूंचे भाव सिगारेटींत सांगितले जात. अमेरिकेतल्या केंद्रीय तुरुंगांत सिगारेट बंद झाल्यावर मॅकरेल माशाची पाकिटं चलन म्हणून चालायला लागली.

आपल्याकडेही आज एक विडी, परवा दोन, असा व्यवहार आत होतो. ज्याला घरून मनिऑर्डर येत नाही, भेटीला कुणी येत नाही, तो यात अडकतो. मग कपडे धुणं, दुसऱ्याची पाळी करणं, आणि याहून वाईटही. बंदी आली की विड्या कमी होतात, भाव चढतो आणि जुनं देणं एका रात्रीत जड होतं. ज्याच्याकडे साठा आहे तो बराकीचा सावकार होतो.

बाहेर टपरीवर किरकोळ किमतीला मिळणारी पुडी भिंतीपलीकडे गेली की तिची किंमत कितीतरी पट. ती आत कोण नेऊ शकतं? फेकणारा, भेटीला येणारा, आणि रोज फाटकातून आत-बाहेर करणारा कर्मचारी. १८९४ च्या मूळ कारागृह कायद्याच्या कलम ४२ मध्ये मनाई असलेली वस्तू आत नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. दोनशे रुपये १८९४ साली मोठी रक्कम होती. आज तो दंड एका पुडीच्या नफ्यात निघून जाईल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे सोलापूरच्या कुठल्याही कोपऱ्यावर दोन मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं.

दुसरीकडे कुणी केलं आहे का?

न्यूझीलंडने १ जुलै २०११ पासून सगळ्या तुरुंगांत धूम्रपान बंद केलं. आधी वर्षभर तयारी चालली होती आणि त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या देण्यात आल्या. स्कॉटलंडने ३० नोव्हेंबर २०१८ ला बंद केलं. तिथे आधी आणि नंतर हवेतल्या धुराचं मोजमाप झालं. पहिल्याच आठवड्यात धूर सुमारे ८० टक्क्यांनी घटला. ही हवा कैद्यांबरोबर शिपायांच्याही छातीत जात होती.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र बंदीच्या आदल्या दिवशी, ३० जून २०१५ ला, मेलबर्नजवळच्या रेव्हनहॉल इथल्या तुरुंगात मोठी दंगल झाली. तो तुरुंग कच्च्या कैद्यांचा होता. मामा हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

इंग्लंडने ई-सिगारेटचा आधार घेतला. आपल्याला तो रस्ता नाही, २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट देशातच बंद आहे. उरतात पट्टी आणि गोळी. निकोटिनचं च्युइंगमही असतं, पण मामा ऐकताच म्हणाले, "च्युइंगम आत नको. कुलपात भरत्यात." बरोबर आहे. पट्टी दंडावर, कंपाउंडरने समोर उभं राहून लावायची आणि दुसऱ्या दिवशी जुनी परत घेऊनच नवी द्यायची.

"कैद्यांचे कसले लाड?"

हा आक्षेप मला घरातही ऐकावा लागला. व्यसन सोडवण्यासाठी निकोटिनच द्यायचं, आणि तेही सरकारी खर्चाने? वर म्हटलं ते आठवा, व्यसन निकोटिनचं असतं, कर्करोग मुख्यतः बाकीच्या घटकांनी होतो. पट्टी थोडं थोडं निकोटिन सोडते आणि पिंपं एकदम कोरडी पडू देत नाही. शिवाय पट्टी विकत घेऊन कुणी सावकारी करत नाही, निदान विडीएवढी नाही. आणि लाड म्हणाल तर बराकीत डोकं फुटलं की जिल्हा रुग्णालयात न्यायला गाडी आणि बंदोबस्त लागतोच. तो खर्चही आपलाच.

कोर्टाने माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलेलं असतं, आणि कच्च्या कैद्याचा तर गुन्हाही सिद्ध झालेला नसतो. अंगाचा त्रास हा त्या शिक्षेचा भाग नाही, असं मला मनापासून वाटतं.

"सुटल्यावर परत ओढणारच ना?"

बहुतेकजण ओढतात. अमेरिकेतल्या अभ्यासांत सुटलेल्यांपैकी बहुतेकजण थोड्याच आठवड्यांत परत तंबाखूकडे गेलेले दिसले. जबरदस्तीने सुटलेलं व्यसन आणि स्वतः सोडलेलं व्यसन यात हा फरक आहे. म्हणून आत असतानाच कुणीतरी बसून बोललं पाहिजे, आणि सुटताना हातात कागद दिला पाहिजे. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. तो त्या कागदावर असावा.

"मग मामीच्या विड्यांचं काय?"

हे मला मामींनीच विचारलं. मामी तीस वर्षं विड्या वळतात. रात्री तेंदूची पानं भिजवायची, सकाळी कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. पानावर तंबाखू, बोटांची एक फिरकी, टोक दुमडून दोरा. हजार विड्या पुऱ्या झाल्या की कारखान्यात जायचं, तिथे वाईट म्हणून किती बाजूला काढतील त्याचा नेम नाही. सोलापूरच्या पूर्व भागात अशी हजारो घरं आहेत. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, कुंभारीला त्यांची घरकुलं उभी राहिली, पण बोटांना लागलेली तंबाखू आणि छातीत गेलेली धूळ तशीच आहे.

तुरुंगात विडी बंद झाल्याने मामींच्या सुपातली एक विडीही कमी होणार नाही, तुरुंगाचा खप तेवढा मोठा नाही. पण त्यांचा प्रश्न त्यापलीकडचा आहे. लोक ओढणं सोडणार असतील तर या बायकांच्या हातांना दुसरं कुठलं काम देणार? याचं उत्तर आधी तयार हवं, आणि ते तुरुंगाच्या हुकुमात मिळणार नाही. मामींना मी तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांची डबी तेवढी सोडव, माझं नंतर बघ."

हवालदाराच्या खिशातली डबी

मामांच्या खिशात स्टीलची डबी असते. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, झाकण घासून घासून गुळगुळीत झालेलं. रात्रपाळीत ती त्यांची सोबत. एक तारखेपासून ती फाटकाबाहेर राहणार आहे. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बराक सगळ्यात जास्त तापलेली असेल तेव्हा, तिच्यासमोर उभ्या माणसाची झोपही उडालेली असेल आणि पोटही बिघडलेलं असेल. एकाच वेळी दोन्ही बाजूंना तलफ असू नये, म्हणून कर्मचाऱ्यांनी दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करायला हवी होती. आता तेवढे दिवस उरले नाहीत. निदान पहिल्या आठवड्यात तंबाखू न खाणाऱ्या शिपायांना रात्रपाळी द्यावी, असं मामा साहेबांना सांगणार आहेत.

काल रात्री परत फोन आला. त्यांनी दोनशे पानी वही आणली आहे, पट्टीने रकाने आखले आहेत. नाव. काय घेतो. किती वर्षं. शेवटचं कधी. दारू. औषध चालू आहे का. मी म्हटलं, मिश्रीचा वेगळा रकाना करा. "केला," ते म्हणाले. मग त्यांनी भरलेली पहिली ओळ वाचून दाखवली. स्वतःचं नाव, तंबाखू, सव्वीस वर्षं, शेवटचा बार संध्याकाळी सातला, दारू नाही, औषध बीपीचं.

घड्याळात तेव्हा साडेनऊ वाजले होते.